सोमालियातले चाच्यांचे तळ एकदाचे उडवून का देत नाहीत?

प्रश्न असा आहे: "माझा धाकटा भाऊ केमिकल टँकरवर थर्ड ऑफिसर आहे. एडनच्या आखातातून वर्षातून दोन-तीनदा त्याचं जाणं होतं. नौदलाने 'रुएन' जहाजावरचे ३५ चाचे पकडून मुंबईला आणले तेव्हा आमच्या घरी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण एवढी ताकद आहे, तर किनाऱ्यावरचे त्यांचे तळच एकदाचे का उडवून देत नाहीत? आणि तिथले अल-शबाबवाले आणि हे चाचे एकच ना?"

मी नौदलात पंचवीसेक वर्षं काढली, त्यातल्या दोन तैनाती एडनच्या आखातात झाल्या. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे: एकच नाहीत; अल-शबाब ही सोमालियातली सशस्त्र इस्लामी बंडखोर संघटना. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबतं तेही त्यामुळेच.

'तळ' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तटबंदी, बराकी, दारूगोळ्याची कोठारं येतात. आयल, गराकद, होब्यो, हरारधेरे ही नावं तुम्ही बातम्यांत ऐकली असतील. ही सगळी वाळूतली गावं. पत्र्याची घरं, थोड्या शेळ्या-उंट, आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या फायबरच्या होड्या. त्यातली कुठली होडी मासेमाराची आणि कुठली चाच्याची, हे वरून सांगता येत नाही. पुष्कळदा ती एकच असते. बंदूक असणं हाही पुरावा नव्हे, तिकडे कोळीसुद्धा एके-४७ घेऊनच समुद्रात जातो. आम्ही दुर्बिणीतून शोधायचो ती शिडी. सात-आठ मीटर लांबीची, वरच्या टोकाला आकडे असलेली शिडी मासे पकडायला लागत नाही. पण युद्धनौका दिसली की शिडी, रॉकेट लाँचर, बंदुका सगळं पाण्यात जातं, आणि आपले जवान होडीवर चढतात तेव्हा समोर पाच-सहा भेदरलेली माणसं, डिझेलचे पिंप आणि एक-दोन सुकलेले मासे. सुरुवातीच्या वर्षांत जगभरच्या नौदलांनी अशी कित्येक माणसं पकडून तशीच सोडून दिली. दुसरं करणार काय?

कायद्याने हात बांधले होते म्हणावं, तर तसंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने डिसेंबर २००८ मध्ये १८५१ क्रमांकाचा ठराव करून सोमालियाच्या जमिनीवरही कारवाई करायची मुभा दिली होती, तिथल्या सरकारच्या संमतीने. युरोपीय संघाने ती एकदा वापरलीही. १५ मे २०१२ च्या रात्री हेलिकॉप्टरं हरारधेरेजवळच्या किनाऱ्यावर गेली आणि वाळूवरच्या होड्या, इंधनाचे साठे फोडून परत आली. एकही सैनिक जमिनीवर उतरला नाही, मनुष्यहानी झाली नाही. कारवाई नेटकी होती, पण फुटलेल्या होड्या आणि इंधन पुन्हा उभं करायला त्या धंद्यातल्या सावकाराला फार दिवस लागत नाहीत. गावात शिरून घराघरांत शोध घ्यायचा तर उतरवायला पलटण हवी, तिला परत आणायची सोय हवी, आणि त्या वेळी जहाजांवर अडकलेले शेकडो ओलीस जिवंत राहिले पाहिजेत. २०११ च्या सुरुवातीला सोमाली चाच्यांच्या ताब्यात सातशेच्या वर खलाशी होते, त्यांत आपलेही. किनाऱ्यावर पहिला बॉम्ब पडला की पहिली गोळी कुणाच्या डोक्यात जाईल, हे सांगायला नकाशा लागत नाही.

मग चाच्याचं मर्मस्थान कुठलं? माझ्या मते नांगर टाकायची जागा. होडी, बंदूक, पोरं यांतलं काहीही सहज बदलून मिळतं. पण दोनशे मीटरचं जहाज पकडल्यावर ते तीन महिने, सहा महिने, कधी तीन वर्षं किनाऱ्याजवळ उभं ठेवायचं, त्यावर पाळीपाळीने पहारा बसवायचा, खलाशांना आणि पहारेकऱ्यांना भात-बकरा आणि खातची, म्हणजे चघळायची नशेची, पानं पुरवायची, ती उधारीवर द्यायला दुकानदार हवा, इंग्रजी बोलणारा दुभाषा हवा. हे सगळं जिथे कुणी 'इथून निघा' म्हणत नाही तिथेच जमतं. जागतिक बँकेच्या अभ्यासाप्रमाणे २००५ ते २०१२ या काळात सोमाली चाच्यांना मिळालेली खंडणी ३४ ते ४१ कोटी डॉलरच्या घरात होती, आणि प्रत्यक्ष जहाजावर चढणाऱ्या पोराच्या वाट्याला एका जहाजामागे ३० ते ७५ हजार डॉलर आले. उरलेलं पैसे लावणाऱ्यांकडे गेलं. म्हणजे हा भांडवलाचा धंदा आहे, आणि तोट्याच्या धंद्यात भांडवल कुणी घालत नाही. समुद्रावर जे काही केलं गेलं, ते हा धंदा तोट्यात घालण्यासाठी.

एडनच्या आखातात सुमारे ४९० सागरी मैलांचा एक ठरलेला पट्टा आखला गेला. जाणाऱ्यांना एक मार्गिका, येणाऱ्यांना दुसरी, आणि दोन्हींच्या कडेने युद्धनौका. भारताची नौका तिथे ऑक्टोबर २००८ पासून आहे. युरोपीय संघाचं पथक आलं, अमेरिकेच्या पुढाकाराने बहुराष्ट्रीय पथक झालं, चीन-जपान स्वतंत्रपणे आले. एरवी एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघणारी आमची आणि चिनी नौदलं तिथे काफिल्यांची वेळापत्रकं जुळवून घ्यायची. त्याचं कौतुक बाहेर फारसं झालं नाही.

पण पट्टा बंदिस्त झाला तसे चाचे खुल्या समुद्रात सरकले. मोठे मासेमारी ट्रॉलर पकडायचे, त्यांच्याच खलाशांना ओलीस ठेवून ते ट्रॉलर मदरशिप म्हणून वापरायचे, आणि होड्या मागे बांधून हजार-हजार मैल पूर्वेला यायचं. २०११ मध्ये ते लक्षद्वीपच्या दारात आले होते. धोक्याचा पट्टा भारताच्या क्षेत्रफळाच्या दुप्पट झाला. होडी दिसल्यापासून चाचा डेकवर चढेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात. एवढ्या विस्तारात वीस-पंचवीस युद्धनौका म्हणजे अख्ख्या देशाला पंचवीस पोलीस चौक्या.

नौदलातला माणूस असून हे लिहितोय म्हणून जुने सहकारी चिडतील, पण आकडे फिरवले ते मुख्यतः व्यापारी जहाजांनी स्वतः. आंतरराष्ट्रीय सागरी ब्युरोच्या नोंदीत सोमाली चाच्यांचे हल्ले २०११ मध्ये २३७ होते, त्यांत २८ जहाजं पळवली गेली. २०१२ मध्ये हल्ले ७५ वर आले, २०१३ मध्ये १५ वर. मधल्या काळात युद्धनौकांची संख्या काही तिप्पट झाली नव्हती. जहाजांनी कठड्यांना काटेरी तारांची वेटोळी लावली, पाण्याचे फवारे बसवले, १८ नॉटच्या वर वेग ठेवला (तेवढ्या वेगाच्या जहाजावर चाचे चढल्याची नोंद तोवर नव्हती), आणि सशस्त्र रक्षक घेतले. रक्षक असलेलं एकही जहाज त्या काळात पळवलं गेलं नाही. युद्धनौका, काटेरी तार आणि रक्षक या तिन्हींनी मिळून सावकाराचं गणित बिघडवलं. चौथा भिडू निसर्ग: नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की या होड्या समुद्रात टिकत नाहीत. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात लोटतात, तिकडे सप्टेंबर सरला की चाचे बाहेर पडायचे, आणि आमची तयारीही त्याच पंचांगावर चालायची.

सशस्त्र रक्षकांची किंमतही मोजावी लागली. फेब्रुवारी २०१२ मध्ये 'एनरिका लेक्सी' या इटालियन टँकरवरच्या नौसैनिकांनी केरळच्या किनाऱ्याजवळ चाचे समजून आपले दोन कोळी गोळ्या घालून मारले. धोक्याच्या पट्ट्याची पूर्वेकडची रेषा तेव्हा ७८ अंश रेखांशापर्यंत, म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्याच्याही पलीकडे, ओढलेली होती. आमचं मासेमारीचं पाणी त्या रेषेने रातोरात चाच्यांचं पाणी झालं. भारताने पाठपुरावा केला तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये ती मागे, ६५ अंशांवर नेली गेली. चूक आमच्या हातूनही झाली आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये 'आयएनएस तबर'ने चाच्यांची मदरशिप बुडवली म्हणून टाळ्या वाजल्या. ते चाच्यांनी पळवलेलं थायलंडचं मासेमारी जहाज होतं आणि त्याचे खलाशी आत होते, हे नंतर कळलं. रात्रीच्या अंधारात समोरून गोळीबार होत असताना घेतलेला निर्णय होता, आणि ब्रिजवर मी असतो तर वेगळा घेतला असता असं छातीठोकपणे मला म्हणता येत नाही. पण 'तळ उडवा' म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो. समुद्रावर, एक जहाज समोर असताना एवढी गफलत होते, तर गावात किती होईल!

आता 'रुएन'. तुम्हाला शेवटचे चाळीस तास माहीत आहेत. १४ डिसेंबर २०२३ ला ते पळवलं गेलं आणि सोमालियाच्या किनाऱ्याला नेलं गेलं. जवळपास तीन महिने ते तिथे होतं, ते कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी हात लावला नाही. आत खलाशी होते आणि आजूबाजूला चाच्यांना सांभाळून घेणारा किनारा होता. मार्च २०२४ मध्ये चाच्यांनी तेच जहाज मदरशिप म्हणून बाहेर काढलं. नांगर उचलला आणि पारडं फिरलं. 'आयएनएस कोलकाता' आडवी गेली. चाच्यांनी टेहळणीचं ड्रोन पाडलं, नौकेवर गोळ्या झाडल्या. उत्तरादाखल जहाजाचं सुकाणू नेमक्या माऱ्याने निकामी केलं गेलं. भारतापासून सुमारे २६०० किलोमीटरवर हवाई दलाच्या सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो होड्यांसकट समुद्रात उतरवले गेले. घाई मात्र केली नाही. दिवसभर दबाव, ध्वनिक्षेपकावरून इशारे, चोहोबाजूंनी वेढा. १६ मार्चला ३५ जण शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. त्याच आठवड्यात पळवलेलं बांगलादेशचं 'अब्दुल्ला' जहाज मात्र किनाऱ्याला पोचलं. आमची नौका त्याच्या मागावर होती, तरी ओलीस धरलेल्या २३ खलाशांच्या जिवाचा विचार करून हल्ला केला नाही, आणि महिनाभराने खंडणी देऊन ते सुटलं. तेच नौदल, तोच महिना.

पकडलेल्यांचं पुढे काय, हा प्रश्न मुंबईला जुना आहे. १९९९ मध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे ॲल्युमिनियम भरलेलं जपानी मालकीचं जहाज आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने अरबी समुद्रात पकडून मुंबईला आणलं. चाच्यांनी नाव पुसून त्याचं 'मेगा रामा' केलं होतं. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींना शिक्षा दिली आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयात ते निर्दोष सुटले. 'चाचेगिरी' नावाचा गुन्हाच आपल्या दंडविधानात नव्हता. खून, दरोडा, हत्यारं अशा कलमांचं ठिगळकाम करून खटला उभा करायचा. २०११ मध्ये 'प्रांतालय' ट्रॉलर आणि 'वेगा ५' वरच्या कारवायांत शंभरावर सोमाली पकडले गेले, ते मुंबईच्या कोठड्यांत पडून राहिले, निकाल २०१७ मध्ये लागला आणि सात वर्षांच्या शिक्षेतली बहुतेक वर्षं तोवर भोगून झाली होती. त्या दिरंगाईचा चटका बसला तो 'अस्फाल्ट व्हेंचर'च्या खलाशांना. एप्रिल २०११ मध्ये खंडणी मिळाली, जहाज सुटलं, पण 'आमची माणसं भारतात आहेत' म्हणून चाच्यांनी सात भारतीयांना ठेवून घेतलं आणि जमिनीवर नेलं. ते ऑक्टोबर २०१४ मध्ये घरी आले. त्यामुळे सागरी चाचेगिरीविरोधी कायदा २०२२ मध्ये झाला तेव्हा मला एखादी नवी युद्धनौका मिळाल्याइतका आनंद झाला होता. 'रुएन'वरच्यांना आणता आलं ते या कायद्याच्या जोरावर.

आता अल-शबाब. चाचा पैशासाठी जहाज पकडतो आणि पैसे मिळाले की सोडतो. अल-शबाबला राज्य करायचं आहे. ते कर गोळा करतात, रस्त्यावर नाके बसवतात, न्यायनिवाडा करतात. चाचेगिरी आणि त्यांचं नातं सोयीचं आहे, कधी हिस्सा मागतात, कधी हाकलून देतात. २००६ मध्ये इस्लामी न्यायालयांच्या संघटनेने हरारधेरे आणि होब्यो ताब्यात घेतलं, तेव्हा काही महिने चाचेगिरी जवळजवळ थांबली होती. चाचेगिरीविरुद्धची आंतरराष्ट्रीय गस्त तेव्हा सुरूही झालेली नव्हती. वर्षअखेरीला इथिओपियाचं सैन्य घुसलं, ती संघटना मोडली, तिच्यातल्या कडव्या तरुणांची अल-शबाब पुढे जोर धरू लागली, आणि किनारा पुन्हा बेवारस झाला. पुढच्या दोन वर्षांत चाचेगिरीचा भडका उडाला. बाहेरच्या फौजेने एक प्रश्न सोडवताना दोन कसे जन्माला घातले, याचं इतकं स्वच्छ उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

बंडखोरांच्या बाबतीत समुद्राचं महत्त्व वेगळं: बंदर. किसमायो बंदरातून आखाती देशांकडे कोळसा जायचा, दगडी नव्हे, बाभळीचा. त्यावर अल-शबाब कर घ्यायची. फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरक्षा परिषदेने या कोळशाच्या निर्यातीवर बंदी घातली. सप्टेंबरअखेर केनियाच्या फौजेने समुद्रातून उतरून किसमायो घेतलं. पाठ्यपुस्तकात घालावी अशी मोहीम. आणि वर्षभरात संयुक्त राष्ट्रांच्याच देखरेख गटाने लिहिलं की कोळशाची निर्यात चालूच आहे, आणि त्यातला वाटा आतल्या रस्त्यांवरच्या नाक्यांमधून अल-शबाबला अजूनही मिळतोय. बंदर हातातून गेलं, पण जंगलापासून बंदरापर्यंतची वाट त्यांच्याच हातात राहिली.

अल-शबाबशी लढायला आलेल्या आफ्रिकी संघाच्या फौजांची अडचण तीच झाली. शहरं घेतली, मग शहरांमधल्या रस्त्यांवर एकाकी ठाणी उभी केली. जून २०१५ मध्ये लेगो, सप्टेंबरमध्ये जनाले, जानेवारी २०१६ मध्ये एल अड्डे अशी ठाणी एकामागून एक बंडखोरांनी धुऊन काढली. पद्धत ठरलेली: पहाटे स्फोटकांनी भरलेली गाडी फाटकावर, मागून शेकडो माणसं. मदतीला येणारी तुकडी तासांच्या अंतरावर. ज्या ठाण्याला हाकेच्या अंतरावर दुसरं ठाणं नाही आणि ज्याला आसपासचं गाव आदल्या संध्याकाळी सावध करत नाही, ते ठाणं उभारूच नये असं माझं मत आहे, मग नकाशावर तिथे कितीही मोठं भोक दिसो.

काय चाललं, तर स्थानिक दल. पुंटलँड या सोमालियाच्या ईशान्येकडच्या स्वायत्त प्रांताने २०१० पासून संयुक्त अरब अमिरातीच्या पैशावर सागरी पोलीस दल उभं केलं. त्याच्यावर टीका पुष्कळ झाली, काही रास्तही होती. पण 'आइसबर्ग १' हे जहाज मार्च २०१० पासून ओलीस होतं, त्यावर भारतीयही होते, आणि डिसेंबर २०१२ मध्ये या दलाने दोन आठवड्यांच्या वेढ्यानंतर २२ जणांना सोडवलं. जगभरच्या युद्धनौका समोरून ये-जा करत होत्या तेव्हा. २०१६ मध्ये इस्लामिक स्टेटच्या एका गटाने कंदाला गाव घेतलं, तेही साधारण दीड महिन्यात परत मिळालं ते याच दलाच्या आणि पुंटलँडच्या सैनिकांच्या हातून. मध्य सोमालियात २०२२ मध्ये कुळांच्या लोकांनीच अल-शबाबविरुद्ध हत्यारं उचलली, सरकारी फौज त्यांच्यामागे गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये हरारधेरे अल-शबाबच्या हातून निघालं. हो, तेच हरारधेरे. तिथून चाचे केव्हाच पांगले होते, बंडखोर मात्र दहा-बारा वर्षं टिकले. पुढे पैसा आणि कुळांमधला एकोपा दोन्ही आटले आणि एप्रिल २०२५ मध्ये मध्य सोमालियातलंच आदान याबाल हे गाव अल-शबाबने परत घेतलं.

येमेनमधल्या हुथी बंडखोरांबद्दल दोनच वाक्यं, कारण तुमच्या भावाचा रस्ता तिथूनही जातो. त्यांना खंडणी नको आहे, म्हणून धंदा तोट्यात घालायचा उपाय तिथे लागू पडत नाही, आणि क्षेपणास्त्रापुढे काटेरी तार कुचकामी. नोव्हेंबर २०२३ नंतर युद्धनौका लाल समुद्राकडे ओढल्या गेल्या, जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, आणि पाच-सहा वर्षं झोपलेल्या सावकारांना सोमालियाच्या पूर्वेचा समुद्र पुन्हा मोकळा दिसला. 'रुएन' त्यातूनच घडलं.

भावाला एवढंच विचारा, की तुमच्या जहाजावरच्या सिटाडेलचा, म्हणजे त्या आतल्या बंदिस्त खोलीचा, सराव शेवटचा कधी झाला. जानेवारी २०२४ मध्ये 'लीला नॉरफोक'चे २१ जण, त्यांतले १५ भारतीय, असे आत बसले आणि 'आयएनएस चेन्नई'वरून मार्कोस चढले तेव्हा डेकवर चाचे उरलेच नव्हते. एकही माणूस बाहेर राहिला तर आम्ही चढत नाही, तो ओलीस होतो. इंजिन आतून बंद करता आलं पाहिजे. आणि सॅटेलाइट फोनची अँटेना ब्रिजच्या वायरिंगवर अवलंबून नसावी. मी तपासलेल्या एका जहाजावर फोन चांगला होता, चार्जर मात्र कॅप्टनच्या केबिनमध्ये.